परिपत्रकांचा सातबारा

लिनस टॉरवाल्ड्स यांनी एप्रिल २००५ मध्ये गिट नावाचं साधन लिहिलं आणि संगणकवाल्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला. कोणी काय बदललं, कधी बदललं, आधी काय होतं, सगळ्याची नोंद राहणार आणि गुपचूप काही खोडता येणार नाही. लातूर जिल्ह्यातल्या आमच्या देवणीच्या तलाठ्याकडे हीच सोय गाव नमुना ६ या नावानं कपाटात पडून होती. ती कुणी इंग्रजीतून समजावली नाही, म्हणून आपल्याला ती सोय न वाटता कटकट वाटत आली.

आमची देवणीची पोरं आता हिंजवडीत नाहीतर हैदराबादला बसून दिवसभर कमिट करतात, पुल रिक्वेस्ट टाकतात, रिव्ह्यूची वाट बघतात. दिवाळीला गावी आली की बापाला म्हणतात, तुम्हाला नाही समजायचं आमचं काम. बापानं दिवाळीआधीच भावकीच्या वाटणीचा फेर ओढायला टाकलेला असतो. तोही रिव्ह्यूचीच वाट बघतोय. त्याच्या रिव्ह्यूअरला मंडळ अधिकारी म्हणतात आणि ते आज दौऱ्यावर आहेत, इतकाच काय तो फरक.

पोरांसाठी सांगतो, बापाला पाठ आहे. जमिनीत हक्क मिळाला की तीन महिन्यांत कळवायचं, असं जमीन महसूल संहितेचं कलम १४९ सांगतं. तलाठी गाव नमुना ६ मध्ये नोंद घेतो, तिला क्रमांक पडतो. हितसंबंधितांना नोटीस जाते, चावडीवर प्रत लागते. हरकतीला पंधरा दिवस. हरकत आली की प्रकरण ६-अ या वेगळ्या वहीत जातं. भांडणाला स्वतंत्र वही देणारं आमचंच खातं. नाही आली तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात आणि मगच सातबाऱ्यावर अंमल. नोंद रद्द झाली तरी क्रमांक जागचा हलत नाही. चुकीचा फेर मंजूर झाला असेल तर तो फाडायचा नसतो. वर अपील करायचं, आदेश आणायचा आणि त्या आदेशाचा नवा फेर ओढायचा. जुनी चूक आणि नवी दुरुस्ती दोन्ही वहीत शेजारी नांदतात. गिटमध्ये याला रिव्हर्ट म्हणतात आणि मुलाखतीत त्यावर प्रश्न विचारतात.

मला या सगळ्यात फार आवडते ती पेन्सिल. हातानं लिहिलेल्या सातबाऱ्याच्या काळात नोंद घेतली की तलाठ्यानं सातबाऱ्यावर फेरफार क्रमांक आधी पेन्सिलनं टाकायचा आणि नोंद प्रमाणित झाली की शाईनं पक्का करायचा, असा शिरस्ता होता. बदल आलाय, पण अजून पक्का नाही. बघणाऱ्यानं सावध राहावं. ही एवढी गोष्ट गिटमध्ये ‘स्टेजिंग एरिया’ या नावानं येते आणि नवशिक्याला ती समजावताना जगभरच्या पुस्तिका घामाघूम होतात. चौकोन काढतात, बाण काढतात, बाणाला रंग देतात. आमच्याकडे पेन्सिलीवर भागलं होतं. २०२० नंतरच्या नव्या नमुन्यातल्या सातबाऱ्यावर पेन्सिल गेली. तिच्या जागी ‘प्रलंबित फेरफार’ अशी नोंद छापून येते, शिवाय शेवटचा फेरफार कितवा आणि कोणत्या तारखेचा तेही खाली दिसतं. सुधारणा खरंच चांगली आहे. टीकाकाराला अशा वेळी फार अवघडल्यासारखं होतं.

कंसाचंही तसंच. जुन्या सातबाऱ्यावर जो खातेदार गेला, म्हणजे जमीन विकून गेला किंवा जगातून गेला, त्याचं नाव कंसात जायचं. नवीन नाव खाली. बघणाऱ्याला एका कागदावर आधी कोण आणि आता कोण दोन्ही दिसायचं. नव्या नमुन्यात कंसाऐवजी नावावर आडवी रेघ येते. पण कंस होता तेव्हा त्याचा अर्थ कुठे लिहून ठेवलाय, हे शेतकऱ्याला कोण सांगणार? मग संवाद असा व्हायचा:

“साहेब, माझ्या आज्याला कंसात कामून टाकलाव?”

“वारले ना ते, मामा.”

“वारले खरं. पण जमीन त्यांनीच घेतलेली की!”

“मग नाव काढलंय का? नाही ना? नुसतं कंसात ठेवलंय.”

मामा समाधान पावून बाहेर यायचे. दोन वाक्यांत जे काम झालं त्याला वापरकर्ता-पुस्तिका म्हणतात. ती तोंडी होती, आणि साहेबांची बदली झाली की पुस्तिकेचीही बदली व्हायची.

आता लेखी पुस्तिकांकडे वळू. गिटची पुस्तिका पहिल्याच ओळीत गिटला मठ्ठ म्हणते. एवढा नम्रपणा दाखवून झाला की पुढची पानं वाचकालाच तसं वाटायला लावतात. ‘चेकआउट’ नावाची एक आज्ञा होती. तिनं एका फांदीवरून दुसऱ्या फांदीवर जाता यायचं, आणि तिनंच तुम्ही सकाळपासून केलेलं काम पुसूनही टाकता यायचं. दोन्ही कामं एकाच तोंडानं. लोकांनी वर्षानुवर्षं डोकं धरलं. अखेर ऑगस्ट २०१९ मध्ये २.२३ व्या आवृत्तीत ‘स्विच’ आणि ‘रिस्टोअर’ अशा दोन वेगळ्या आज्ञा आल्या. चेकआउट निवृत्त झाली का? छे. ती आहेच. म्हणजे पुस्तिका लिहिणाऱ्याला आता दोन कामांसाठी तीन आज्ञा समजावून सांगायच्या. हसू नका. तलाठ्याचा ग्राम महसूल अधिकारी झाला, पण गावात अजून कुणी ‘ग्राम महसूल अधिकारी आले का हो?’ असं विचारताना मी ऐकलेलं नाही.

तरी त्या लोकांची एक सवय उचलण्यासारखी आहे. गिटची पुस्तिका गिटच्या कोडशेजारीच, त्याच भांडारात राहते. कोणी आज्ञेचं वागणं बदललं तर त्याच बदलात पुस्तिकेचं पानही बदलून पाठवायचं, अशी अपेक्षा असते. नाही पाठवलं तर तपासणारा विचारतो, पान कुठे आहे? सबव्हर्जन नावाचं गिटच्या आधीचं साधन २००० साली सुरू झालं. त्याचं पुस्तक कॉलिन्स-ससमन, फिट्झपॅट्रिक आणि पिलाटो या तिघांनी लिहिलं, २००४ मध्ये छापलं आणि फुकटही ठेवलं. ते पुस्तक त्यांनी सबव्हर्जनमध्येच सांभाळलं. साधनाची आवृत्ती बदलली की पुस्तकाचीही बदलायची आणि मुखपृष्ठावर लिहिलेलं असायचं, हे अमुक आवृत्तीसाठी आहे. वाचकाला पहिल्या पानावरच कळायचं, आपण कालचं वाचतोय की आजचं.

आपल्याकडे? आपल्याकडे तर नियमाचं नावच ‘महाराष्ट्र जमीन महसूल अधिकार अभिलेख आणि नोंदवह्या (तयार करणे व सुस्थितीत ठेवणे) नियम, १९७१’ असं भरघोस आहे. त्याआधी इंग्रजी अमदानीत अँडरसन नावाच्या आयसीएस साहेबानं मुंबई इलाख्यातल्या गाव आणि तालुका हिशेबांची पुस्तिका लिहिली. एक ते एकवीस गाव नमुने, कोणत्या रकान्यात काय भरायचं, कोणती वही कोणत्या वहीशी जुळली पाहिजे, सगळं बैजवार. महसूल खात्यात आजही ‘अँडरसन मॅन्युअल’ म्हटलं की माना डोलतात. इंग्रज गेला, त्याचा घोडा गेला, पुस्तिकेचा दाखला अजून चालू आहे. यात इंग्रजाचं कौतुक किती आणि आपल्या आळसाचं किती, ते वाचकानं ठरवावं.

म्हणजे नंतर कुणी काही लिहिलंच नाही असं नाही. लिहिलं, आणि रग्गड लिहिलं. पण कसं लिहिलं ते बघा. शासन निर्णय उघडा. वर ‘वाचा’ असा शब्द आणि त्याखाली आधीच्या निर्णयांची यादी: क्रमांक, दिनांक, क्रमांक, दिनांक. शेवटी लांबलचक संगणक सांकेतांक. गिटमध्ये प्रत्येक कमिटला, म्हणजे नोंदलेल्या बदलाला, चाळीस अक्षरी ओळख असते आणि प्रत्येक कमिट आपल्या आधीच्या कमिटची ओळख सांगते. मंत्रालयानं तेच केलंय, फक्त फाईलला लाल फीत जास्त. निर्णयात चूक निघाली की शुद्धिपत्रक निघतं. कधी शुद्धिपत्रकाचंही शुद्धिपत्रक निघतं. काही जुनं मोडीत काढायचं असलं की ‘अधिक्रमित’ म्हणतात. नोंद ठेवण्यात कसूर नाही. सगळे फेर क्रमवार हजर आहेत.

आणि नेमका सातबारा गायब आहे.

जमिनीच्या बाबतीत आपण शंभर फेर ओढतो, पण शेवटी एका कागदावर आजची स्थिती मिळते: मालक हा, क्षेत्र इतकं, बोजा अमुक बँकेचा. शेतकऱ्याला शंभर फेर वाचावे लागत नाहीत. नियमांच्या बाबतीत मात्र आपण फेरांवर थांबलो. आजचा नियम काय, हे कळायला देवणीच्या तलाठ्यानं मूळ नियम घ्यायचा, त्यावर पहिलं परिपत्रक ठेवायचं, त्यावर दुसरं, तिसऱ्यानं दुसऱ्यातला परिच्छेद ४ वगळलेला असतो तो वगळायचा, शुद्धिपत्रकातला शब्द घालायचा आणि उरेल ते डोक्यात धरून समोरच्या मामांना उत्तर द्यायचं. हे एकत्र जोडण्याचं काम संगणक पापणी लवायच्या आत करतो. आम्ही ते माणसाकडून करून घेतो आणि त्याला वर अनुभव म्हणतो.

काही निवृत्त तहसीलदार आणि हौशी अधिकारी स्वतःच्या हौसेनं संकलनं काढतात. पुण्याच्या यशदात प्रशिक्षणाचं साहित्य तयार होतं. त्यांचे उपकार मानले पाहिजेत. पण हौसेला सुधारून वाढवलेली आवृत्ती काढायची सक्ती नसते. ज्यानं संकलन केलं तो थकला की त्या तारखेला नियम गोठतात, आणि झेरॉक्स मात्र पुढची दहा वर्षं चालतात.

संगणकानं तरी सुटलं का? ई-फेरफार आलं, एनआयसीनं प्रणाली केली, हाताचे सातबारे टंकून आत घातले. टंकताना चुका झाल्या, मग एडिट मॉड्यूल आलं, मग री-एडिट मॉड्यूल आलं. २०१७ च्या सुमारास चावडी वाचन झालं: तलाठी वाचणार, गाव ऐकणार, चूक निघाली तर सांगणार. हा कार्यक्रम मला मनापासून पटला. जगातल्या कुठल्याही सॉफ्टवेअर कंपनीनं आपला डेटा गावासमोर पारावर वाचून दाखवलेला नाही. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळायला लागला. इथपर्यंत टाळ्या.

पण कुठल्याही सरकारी प्रणालीची वापर-पुस्तिका म्हणून जो पीडीएफ व्हॉट्सॲपवर फिरतो तो उघडा. पडद्याचे फोटो, त्यावर लाल गोल, गोलावर बाण, बाणाखाली ‘येथे क्लिक करा’. बटन मागच्या सुधारणेत डावीकडून उजवीकडे गेलेलं असतं. गोल अजून डावीकडे आहे. लिहिणाऱ्याचं नाव नाही, तारीख नाही, कोणत्या आवृत्तीसाठी ते नाही. फाईलचं नाव ‘मॅन्युअल नवीन फायनल २’. ‘फायनल १’ कुठे गेलं, त्यात काय चुकलं होतं, ‘फायनल ३’ यायचं आहे की येऊन गेलं, हे विचारायची सोय नाही. बदलांची नोंद ठेवायला शिकवणाऱ्या कागदाला स्वतःच्या बदलांची नोंद नाही. आणि फोटो इतके बारीक की बटनावर ‘मंजूर’ लिहिलंय की ‘रद्द’, हे ज्याचं त्यानं नशिबावर सोडायचं.

आम्हा मराठवाड्याच्या लोकांना या दुखण्याची जरा जास्त सवय आहे. देवणी जागची हलली नाही, पण तिचे कागद फार फिरले. उदगीर तालुक्यात होती तेव्हा जिल्हा बिदर आणि राज्य निजामाचं. १९५६ ला उदगीर मुंबई राज्यात आणि उस्मानाबाद जिल्ह्यात आलं. १९६० ला महाराष्ट्र, १९८२ ला लातूर जिल्हा, पुढे देवणी स्वतःच तालुका. अलीकडे उस्मानाबादचंही धाराशिव झालं. निजामी कागदावरचा सन फसली. इसवी सन काढायला त्यात साधारण ५९० मिळवायचे. इथल्या अधिकार अभिलेखाचा विनियमच १३५८ फसलीचा होता. १९५४-५५ चं खासरा पत्रक हा आमच्याकडे अजून कोर्टात काढला जाणारा हुकमी कागद. त्यामागचे कागद उर्दूत, कुठे मोडीत.

२०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि निजामकालीन दप्तरं उघडली. नोंदी होत्या. कागद पिवळा पडला होता, पण कमिट शाबूत होती. वाचणारे शोधावे लागले. उर्दू वाचणारे, मोडी वाचणारे, फसली सन जुळवणारे. ज्या पिढीला ते येत होतं त्या पिढीनं ‘हा रकाना असा वाचायचा’ एवढं एक पान लिहून त्या दप्तराला टाचून ठेवलं असतं तर किती लोकांच्या किती खेपा वाचल्या असत्या! नोंद शंभर वर्षं टिकली, तिची पुस्तिका एक पिढीही टिकली नाही. लाखो लोकांचे दाखले ज्या अक्षरांवर अडले, ती अक्षरं सरकारच्याच कपाटात होती.

आता थोडं चोरवाटेबद्दल. सुरुवातीला मी म्हटलं की गिटमध्ये गुपचूप काही खोडता येत नाही. येतं. त्याला ‘फोर्स पुश’ म्हणतात. इतिहासच नवा लिहून वर ढकलायचा. गिटच्या पुस्तिकेत त्याबद्दल इशारे आहेत आणि शहाण्या कंपन्या ते बंद करून ठेवतात. आमच्याकडे जमीन महसूल संहितेचं कलम १५५ आहे. हेतू सरळ: लिहिताना हात चुकला, दहा आरचे शंभर झाले, तर दुरुस्त करा. पण हात चुकणं आणि हात मारणं यांतली सीमा कधीकधी पुसट होते. या कलमाच्या गैरवापराबद्दल शासनालाच सूचना काढाव्या लागल्या. त्या सूचनाही अर्थात परिपत्रकानंच निघाल्या. म्हणजे आणखी एक फेर, सातबारा नाहीच.

यावर साहेब लोकांचं उत्तर ठरलेलं असतं: पुस्तिका कोण वाचतं? खरं आहे. देवणीच्या बाजारात वळू बघायला आलेला शेतकरीही पुस्तिका वाचत नाही. वानेरा, बालंक्या की शेवेरा हे तो लांबून सांगतो. पण त्या माणसाला तुम्ही सातबारा हातात देऊन बघा. इतर हक्कात काय लिहिलंय ते वाचायला तो चष्मा काढतो, पुसतो आणि कागद पोराकडे देतो. पोरगं इंजिनिअर असलं तर जास्तच गोंधळतं. वाचली जात नाही ती पुस्तिका वाचण्यासारखी लिहिलेलीच नसते, हा मुद्दा साहेबांच्या उत्तरातून दरवेळी निसटतो.

लिहायला कुणाला बसवायचं, हाही प्रश्न आहे. पडदा ज्यानं बनवला त्यानं लिहिली की पुस्तिका पडद्याचं वर्णन करते. मामांना ज्यानं उत्तरं दिली त्यानं लिहिली की ती प्रश्नांची उत्तरं देते. बाप वारला, तीन भाऊ, एक बहीण पुण्याला, एक भाऊ बेपत्ता. आता वारस नोंद कशी? बँकेचं कर्ज फिटलं, पण बोजा कागदावर तसाच. कुठे अर्ज, काय जोडायचं? अशी दहा-वीस प्रकरणं एखाद्या मुरलेल्या तलाठ्यानं आपल्या भाषेत लिहिली तर पीडीएफातले लाल गोल आपोआप बाद होतील. पण त्याला निवडणूक, पंचनामे, पीक पाहणी आणि मंत्र्यांचा दौरा यांतून वेळ मिळाला पाहिजे.

माझी महसूल खात्याकडे मागणी लहान आहे. प्रत्येक पुस्तिकेच्या पहिल्या पानावर चार रकाने छापा: आवृत्ती क्रमांक, दिनांक, काय बदललं, कोणी बदललं. नवीन नमुना तयार करायलाही नको, गाव नमुना ६ चाच कित्ता गिरवा. आणि परिपत्रक निघालं की त्याच दिवशी पुस्तिकेचं पान बदला. पान बदलल्याशिवाय परिपत्रकाला सांकेतांक देऊ नका.

तोवर वाचकांना इतकंच: यंदा सातबारा काढाल तेव्हा फक्त आपलं नाव बघून घडी घालू नका. खाली ‘प्रलंबित फेरफार’ आहे का बघा. असेल तर त्याचा क्रमांक घेऊन तलाठ्याकडे जा आणि नोंद कशाची आहे ते वाचून घ्या. हरकतीला पंधरा दिवस असतात. हरकत तोंडी सांगू नका, लेखी द्या, आणि पोच घेतल्याशिवाय कचेरीतून उठू नका.